डाव्या पिळाचे मणी

पुलाच्या पायऱ्यांवर बसून आम्ही तिघी रिझेक खात होतो, तेवढ्यात पांढऱ्या टोपीचा पोलीस आला आणि हातानेच ‘उठा’ म्हणाला. रिझेक म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेलं डुकराचं मांस. ते डब्यात असल्याशिवाय आमच्याकडचा माणूस गावाची वेस ओलांडत नाही. मी चौदा तळले होते, लिबुशेने बारा. ब्लाझेनाने उकडलेली अंडी, काकडीचं लोणचं आणि थर्मासभर चहा आणला होता. व्हेनिसमध्ये आपण पाणी आणि मुतारी एवढ्यावरच खर्च करायचा, असं बसमध्ये ठरलं होतं. त्यातलं पाणीही आम्ही घरूनच आणलं होतं.

पोलीस गेल्यावर मी पुन्हा खाली बसणार होते, पण लिबुशेने बसू दिलं नाही. नियम तो नियम, म्हणाली. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी बाईची सवय गेली नव्हती. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं. माझ्या घरी कॉफी प्यायला आली की कप उजेडात धरून त्याला चीर आहे का बघते. तीस वर्षं कारखान्याच्या खिडकीत बसून तिने मणी पारखले. गावातल्या बायका शुक्रवारी आठवड्याचा माल घेऊन यायच्या, लिबुशे मूठभर मणी पांढऱ्या फडक्यावर ओतायची आणि चष्म्यावरून बघत ‘पहिली प्रत’ किंवा ‘दुसरी प्रत’ म्हणायची. त्या दोन शब्दांवर कुणाच्या घरी रविवारी मटण शिजणार आणि कुणाच्या घरी बटाटे, ते ठरायचं.

मी यित्का. गावच्या पोस्टाच्या खिडकीत बसायचे. त्यामुळे आम्ही दोघी खिडकीवाल्या आणि ब्लाझेना एकटी रांगेतली, अशी आमची थट्टा होती. ब्लाझेना आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, एकोणपन्नास. एकतीस वर्षं ती घरी दिव्यावर मणी वळत होती. दिवा म्हणजे गॅसची शेगडीच, पण जाळ उभा आणि बारीक. त्या जाळात काचेची कांडी वितळवायची, मातीचा लेप दिलेल्या तारेवर तिचा थेंब गुंडाळायचा, आणि वरून सोनेरी काचेचा धागा पिळासारखा फिरवायचा. आमच्या डोंगरात घरोघरी हेच काम.

ब्लाझेना हे काम शिकली आईकडून. घरात दिवा एकच. आई टेबलाच्या एका बाजूला आणि सहा वर्षांची ब्लाझेना समोरच्या बाजूला, मध्ये जाळ. आईचा उजवा हात हलला की हिने समोरचा, म्हणजे आपला डावा हात हलवायचा. आरशात बघून शिकावं तशी शिकली. पोरगी लिहायची उजव्या हाताने, सूप प्यायची उजव्या हाताने, फक्त दिव्यावर बसली की कांडी डाव्या हातात. आईच्या लक्षात आलं तेव्हा हात बसून गेला होता. मणी उत्तम होत, पण पीळ उलटा पडे. बाकी गावाचा पीळ उजवा, हिचा डावा. मणी फिरवून दुसऱ्या बाजूने ओवला तरी पीळ काही बदलत नाही. माळेत तो वेगळाच दिसायचा.

म्हणून लिबुशेच्या फडक्यावर ब्लाझेनाचे मणी नेहमी ‘दुसरी प्रत’. तीस वर्षांत एकदाही पहिली नाही. तिची आई शेवटच्या आजारात सारखं एकच बोलायची. तुला शेजारी बसवलं असतं तर हे झालं नसतं, माझ्या आळसाने तुझा हात बिघडला. मी तिथे होते, मी ऐकलंय. ब्लाझेना आईच्या तोंडात चमचा घालत म्हणायची, असू दे गं आई, मणी तर मणीच. पण त्या म्हातारीच्या डोळ्यांचं पाणी काही थांबलं नाही, आणि ते तसंच घेऊन ती गेली.

आता साम्यवादी राजवट गेली होती, पश्चिमेकडची सरहद्द उघडली होती, आणि कारखाना घरी काम करणाऱ्या बायकांना कमी करत होता. सोमवारी ब्लाझेनाला दिवा परत करायचा होता, तशी चिठ्ठीच आली होती. मला वाटलं होतं ती दार लावून घेऊन बसेल. पण तिने शेवटच्या पगारातून या बसचं तिकीट काढलं. शुक्रवारी दुपारी निघायचं, रात्र बसमध्ये बसून काढायची, शनिवार व्हेनिस, पुन्हा रात्र बसमध्ये, रविवारी जेवायला घरी. हॉटेलचा प्रश्नच नाही. मी विचारलं, एवढी हौस कशाची? तर म्हणाली, आपल्या खोक्यांवर ‘व्हेनिस पद्धतीचे मणी’ असं छापलेलं असतं. दिवा द्यायच्या आधी एकदा बघून येते, पहिल्या प्रतीचा मणी कसा असतो ते.

लिबुशेही लगेच येते म्हणाली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पोलिसाने उठवल्यावर आम्ही चालत चालतच खाणं संपवलं. ऊन चांगलंच होतं. बस सहा वाजता सुटणार, तीही लांबच्या वाहनतळावरून, म्हणून लिबुशे दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होती. मोठ्या चौकात खुर्चीवर बसून कॉफी घेतली तर किती पडते, हे एका ऑस्ट्रियन बाईने सांगितल्यावर आम्ही त्या खुर्च्यांच्या जवळूनसुद्धा गेलो नाही. कबुतरं पाहिली, चर्चचा सोनेरी घुमट आतून पाहिला. माझे बूट चावायला लागले. दुकानादुकानांत काचेचे घोडे होते, आणि मी शपथेवर सांगते, त्यातले निम्मे आमच्या शेजारच्या गावचे होते. घोड्यांचे कान तसे फक्त तिथला एक माणूस काढतो. मी हसत होते. ब्लाझेना हसत नव्हती. ती प्रत्येक काचेपुढे थांबून मणी बघत होती आणि मान हलवून पुढे जात होती.

चारच्या सुमाराला एका अरुंद गल्लीत ती थांबली ती हलेचना.

दुकान लहान होतं. काचेमागे काळ्या मखमलीवर एकच माळ होती. गडद निळे मणी, त्यावर सोनेरी पीळ. मी काही पारखी नाही, पण ती माळ वेगळी होती हे मलाही कळलं. मधल्या मोठ्या मण्यापासून उजवीकडे जाणाऱ्या मण्यांचा पीळ एका बाजूला झुकलेला, डावीकडच्यांचा बरोबर उलट्या बाजूला. जणू मधला मणी आरसा होता. दोन्ही बाजू एकमेकींकडे बघत होत्या. खालच्या चिठ्ठीवरची किंमत आमच्या पैशांत केली तर माझं तीन महिन्यांचं पेन्शन झालं.

ब्लाझेना म्हणाली, “डावीकडचे माझे आहेत.”

लिबुशे म्हणाली, मणी सगळे सारखेच दिसतात, उन्हाने डोकं तापलंय, चला, उशीर होईल. हे ती भराभर म्हणाली. ज्या बाईने तीस वर्षं मण्या-मण्यातला फरक सांगून पगार घेतला, ती म्हणते सगळे सारखे. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

ब्लाझेना आत गेलीसुद्धा होती.

आत शेवटी एका टेबलावर दिवा पेटलेला होता आणि जाड भुवयांचा एक म्हातारा गिऱ्हाइकांना दाखवायला मणी वळत बसला होता. गिऱ्हाईक कोणी नव्हतं. ब्लाझेनाने आधी माळेकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग डावा हात वर केला आणि हवेतच कांडी फिरवून दाखवली. म्हाताऱ्याने दिवा बारीक केला. त्याने तिच्या हाताकडे बघितलं, तिच्या कापडी पिशवीकडे, आमच्या बुटांकडे. मग इटालियन सोडून जर्मनमध्ये विचारलं, कुठून आलात?

जर्मन आमच्यात लिबुशेचं चांगलं. तिचं आणि माझं शाळेचं वय महायुद्धात, जर्मनांच्या अमलाखाली गेलं, तेव्हा तेच शिकवायचे. मी बोलायला विसरले, पण कानाला सगळं कळतं. ब्लाझेनाच्या वेळेपर्यंत रशियन आली होती, तिला काही कळत नव्हतं. लिबुशेने गावाचं नाव सांगितलं. म्हातारा उठला, खणातून एक रिकामी कागदी पिशवी काढली आणि टेबलावर ठेवली. पिशवीवर आमच्या कारखान्याची चिठ्ठी होती, त्यावर निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं ‘दुसरी प्रत’. लिबुशेचं ते वळणदार अक्षर मी दर नाताळच्या भेटकार्डावर वाचत आले आहे.

म्हातारा बराच वेळ बोलला. डाव्या पिळाचे मणी त्याला जगात दुसरीकडे कुठे मिळाले नाहीत. त्यांच्याशिवाय अशी माळ होत नाही. दर वर्षी तो पत्र लिहायचा, डावे आणखी पाठवा, दुप्पट भाव देतो. कारखान्याचं उत्तर ठरलेलं असायचं, वळणारी एकच बाई आहे आणि तिला आम्ही खास मान देतो. तीच का ही? एवढं म्हणून त्याने ब्लाझेनाकडे बघत मान लववली.

ब्लाझेना लिबुशेकडे वळली. “काय म्हणाला?”

“मणी चांगले आहेत म्हणतो,” लिबुशे म्हणाली.

मी गप्प बसले. मला त्याची लाज वाटते, पण बसले. कारण त्याच क्षणी मला ती पाकिटं आठवली. वर्षातून एकदा, बहुतेक फेब्रुवारीत, इटलीचं तिकीट लावलेलं पाकीट कारखान्याच्या नावावर यायचं. मीच त्यावर शिक्का मारायचे. आठवड्याने लिबुशे मला ते तिकीट कापून आणून द्यायची, माझ्या भाच्याच्या वहीसाठी. भाच्याकडे इटलीचं एक अख्खं पान झालं होतं. एकाच गावात, एकाच खिडकीतून जात होतं सगळं, आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही की कारखान्याला इटलीहून कोण लिहितं.

“एवढा वेळ बोलला आणि एवढंच?” ब्लाझेनाने विचारलं.

लिबुशेने हातातली पर्स एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग खाली बघत तिने सगळं सांगितलं, शब्दाला शब्द, दुप्पट भावासकट. तिचा आवाज खिडकीतला होता, मणी पारखतानाचा. शेवटी म्हणाली, “पत्रं माझ्याच टेबलावरून वर जायची. वरून हुकूम होता, दुसरी प्रत ती दुसरीच राहू दे, नाहीतर बाईला दर वाढवून द्यावा लागेल.”

“किती वर्षं?”

“अठ्ठावीस.”

“हुकूम होता म्हणून गप्प बसलीस?”

लिबुशेला इथे ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. आम्ही दोघींनी तिच्यावर विश्वासही ठेवला असता, कारण त्या दिवसांत हुकूम सगळ्यांनाच असत. पण ती म्हणाली, “नाही. तेवढ्यासाठी नाही. खिडकीत यायच्या आधी मीही दोन वर्षं दिव्यावर बसले होते, तुला माहीत आहे. माझे मणी कधी कुणी मागितले नाहीत. तुझे मागायचे, दर वर्षी. मला ते सहन होत नव्हतं.”

म्हाताऱ्याला भाषा कळत नव्हती, पण काहीतरी कळलं असावं. तो बसला आणि कांड्या सारख्या करू लागला.

आता ब्लाझेना तिच्या थोबाडीत देईल असं मला वाटलं. दिली असती तर मी मध्ये पडले नसते. ती एवढंच म्हणाली, “पैशांचं सोड. आई एकोणऐंशी साली गेली. तोपर्यंत सोळा पत्रं आली असतील. त्यातलं एक तरी तिला वाचून दाखवायचंस.”

लिबुशे रडायला लागली. तिला रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, तिच्या नवऱ्याच्या मयतातही नाही. ब्लाझेनाने तिच्याकडे पाठ केली. कोपऱ्यातलं एक स्टूल तिने ओढलं आणि म्हाताऱ्याच्या शेजारी न ठेवता त्याच्या समोर ठेवलं, मध्ये दिवा येईल असं. बसली. पिशवी पायाशी ठेवली, कोटाच्या बाह्या वर केल्या, आणि हात पुढे केला. म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला. मग निळी कांडी आणि एक तार तिच्याकडे सरकवली, स्वतःही एक घेतली, आणि जाळ मोठा केला.

दोघं एकदमच वळू लागले. त्याचा उजवा हात हलला की तिचा डावा हलायचा. त्याने कांडी उचलली की तिची उचललेली असायची. कोण कुणाकडे बघून करतंय ते सांगता आलं नसतं. ती अशी बसलेली मी हजार वेळा पाहिली होती, पण समोरच्या खुर्चीत कोणी नसताना. काच वितळली, थेंब गोल झाला, सोन्याचा धागा फिरला. म्हातारा सावकाश काम करणारा होता, आणि ती त्याच्यासाठी हात आवरता घेत होती हे माझ्या लक्षात आलं. गल्लीतून जाणारी दोन माणसं आत डोकावली आणि निघून गेली. लिबुशे दारापाशी रुमालात तोंड धरून उभी होती. घड्याळाकडे बघायचं पहिल्यांदाच तिच्या ध्यानात राहिलं नाही, ते मी बघत होते. पाच वाजायला आले होते.

मणी झाले. दोघांनी आपापली तार फिरवत फिरवत थंड केली, आणि म्हाताऱ्याने पायाशी ठेवलेला राखेचा डबा उघडला. आधी तिने तार खुपसली, मग त्याने. त्याने वरून गरम राख सारली. आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं, काचेचा मणी राखेतून लगेच काढता येत नाही. हळूहळू निवला नाही तर तडकतो. उद्या सकाळपर्यंत तिकडे बघायचंसुद्धा नाही.

म्हाताऱ्याने लिबुशेला विचारलं, बस किती वाजता? सहा, ती म्हणाली. त्याने कपाळाला हात लावला. मग म्हणाला, पत्ता द्या, मी पोस्टाने पाठवतो. लिबुशेने नाक पुसत हे सांगितलं, या वेळी काही न गाळता. त्यानेच आणखी सांगितलं की तो स्वतःही शरद ऋतूत दुकान बंद करणार आहे. यंत्रावरचे मणी इतके स्वस्त आले आहेत की दिव्याचा गॅसही सुटत नाही. ही माळ शेवटचीच, आणि तिच्यात डावीकडचा एक मणी त्याला कमी पडला होता, म्हणून टोकाला साधी काच घातली आहे.

ब्लाझेना बाह्या खाली करत होती. म्हणाली, “पाठवू नको म्हणावं. तिथे ओव म्हणावं.”

त्याने पुन्हा मान लववली, पहिल्यापेक्षा खाली. ती राखेच्या डब्याकडे एकदा बघून बाहेर पडली.

वाहनतळापर्यंत आम्ही जवळजवळ पळालो. मोजे फाटले, मी एका पायातला बूट हातात घेऊन चालले. ड्रायव्हर शिव्या देत होता, कारण पन्नासातले सत्तेचाळीस कधीचे बसले होते आणि सगळ्यांना घाम फुटला होता. जागा नंबराने होत्या, आणि ब्लाझेना-लिबुशे शेजारी शेजारी. मी माझी जागा लिबुशेला द्यायला निघाले, पण ब्लाझेना आपल्या खिडकीशी जाऊन बसली, आणि लिबुशेला तिच्या शेजारी बसावंच लागलं. मी पलीकडच्या बाकावर.

बस पुलावरून निघाली तशी मागचे लोक एकमेकांना खरेदी दाखवू लागले. कुणी मुखवटा घेतला होता, कुणी पंखा, आणि एका खुळ्याने काचेचा घोडा. पुढच्या बाकावरच्या बाईने मान वळवून ब्लाझेनाला विचारलं, तुम्ही काय घेतलं? काही नाही, ब्लाझेना म्हणाली, एक मणी ठेवून आले. त्या बाईला ते कळलं नाही, तिने घोडा बघायला मान फिरवली.

लिबुशेने डबा उघडला. तिचे चार रिझेक उरले होते. त्यातला एक पावात घालून तिने शेजारी धरला. बराच वेळ तो तसाच धरलेला होता, बस वळली की हात डुलायचा. शेवटी ब्लाझेनाने तो घेतला आणि खिडकीबाहेर बघत खाऊ लागली. भूक लागली होती, दुपारपासून चालत होतो. तिने माफ केलं की काय ते मला सांगता येणार नाही. मी तरी एवढ्यात केलं नसतं.

खाताना लिबुशेच्या लक्षात आलं, की ब्लाझेनाच्या डाव्या अंगठ्याला राख लागली आहे, नखापासून मनगटापर्यंत पांढरी. तिने बाटलीतल्या पाण्याने रुमालाचं टोक भिजवलं आणि पुढे केलं.

“राहू दे,” ब्लाझेना म्हणाली.

तिने पाव उजव्या हातात घेतला, डावा हात मांडीवर उताणा ठेवला, आणि घर येईपर्यंत तो कशालाही लावला नाही.